ओझं कापलं कोणी? ‘द मिशन’वर वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात प्रायश्चित्तावरच्या सिनेमांबद्दल लिहिलं त्यात ‘द मिशन’ला फक्त दोन ओळी दिल्या होत्या, आणि पत्रं, मेल, व्हॉट्सअ‍ॅप जे काय आलं ते सगळं त्या दोन ओळींवरच. म्हणून यावेळी पानच त्याला. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी गोष्ट आधी सांगते, शेवट पण सांगावा लागणार, त्याला इलाज नाही.

1986 चा सिनेमा, दिग्दर्शक रोलंड जॉफे, पटकथा रॉबर्ट बोल्टची, संगीत एन्निओ मोरिकोनेचं (हे संगीत तुम्ही कुठेतरी ऐकलेलंच असणार, सिनेमा माहीत नसला तरी), कान चित्रपट महोत्सवात पाम द’ओर हे सगळ्यात मोठं बक्षीस मिळालेला. काळ 1750 च्या आसपासचा, जागा दक्षिण अमेरिकेतलं जंगल, आज जिथे अर्जेंटिना, ब्राझील आणि पॅराग्वे एकमेकांना टेकतात तो भाग. रॉद्रिगो मेंडोझा (रॉबर्ट डी निरो) हा भाडोत्री सैनिक, ग्वारानी आदिवासींना जाळ्यात पकडून गुलाम म्हणून विकायचा धंदा. ज्या बाईवर त्याचा जीव तिचं मन त्याच्या धाकट्या भावावर बसतं आणि रागाच्या भरात हा भावाला मारतो. कायदा त्याला हात लावत नाही कारण द्वंद्व झालं होतं. पण हा आतून संपतो, खोलीत कोंडून घेतो. मग फादर ग्याब्रिएल (जेरेमी आयर्न्स) नावाचा जेझुइट (कॅथलिक पाद्र्यांचा एक संघ) पाद्री त्याला बाहेर काढतो, आणि मेंडोझा आपलं चिलखत, तलवारी सगळं एका जाळीत बांधून ते गाठोडं ओढत, चिखलातून, धबधब्याच्या कड्यावरून, ज्यांना तो पकडायचा त्यांच्याच वस्तीपर्यंत जातो. पुढे तो स्वतः जेझुइट होतो. आणि मग स्पेन आणि पोर्तुगाल आपसात नकाशा वाटून घेतात, मिशनची, म्हणजे पाद्र्यांनी ग्वारानींसाठी वसवलेल्या वस्तीची जमीन पोर्तुगालकडे जाते, सैन्य येतं.

आता प्रश्न.

ताई नमस्कार, ऑफिसातल्या मैत्रिणीने पेन ड्राइव्हवर दिला म्हणून बघितला. ती कॅथलिक, मी नाही, म्हणून तिला विचारायला संकोच वाटला, तुम्हालाच विचारते. यांच्यात कुमसार (पाद्र्यापुढे पापाची कबुली) केलं की पाद्री माफी देतो आणि विषय संपतो ना? मग ते गाठोडं ओढायचं कशाला? आणि मधे दुसरा फादर दोर कापून टाकतो, तरी हा परत खाली जाऊन ते बांधून आणतो, तिथे मला रडू पण आलं आणि चीड पण आली. फादर ग्याब्रिएल नुसता बघत राहतो. एवढा निष्ठुर? — एक वाचक, फोंडा

आधी मैत्रिणीला विचारा हो, संकोच कसला, तिला आवडेल.

विषय संपतो असं त्यांचं चर्च पण म्हणत नाही. कुमसार करणाऱ्याने तीन गोष्टी करायच्या असतात: मनापासून पश्चात्ताप, तोंडाने कबुली आणि मग भरपाई. पाद्री पापमुक्ती देतो ती या तिन्हीच्या जोडीला. चर्चच्या अधिकृत धर्मशिक्षणात सरळ सांगितलंय की पापमुक्तीने पाप जातं, पण त्या पापाने जे बिघडवून ठेवलंय ते आपोआप जागेवर येत नाही, चोरलेलं असेल तर परत करायचं, कोणाचं नाव खराब केलं असेल तर ते निस्तरायचं. आता कोरेज्मात (ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत) शनिवारी संध्याकाळी इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, लाइन लागते तेव्हा प्रत्येकाला पाच नमान मोरिये प्रार्थनांवर सोडतात ही गोष्ट वेगळी, गर्दी असते, फादरलाही जेवायचं असतं. पण शिकवण म्हणून बघितलं तर भरपाई कुठेही गेलेली नाही. लूकच्या शुभवर्तमानात जक्कय नावाचा जकातदार आहे, बुटका, येशूला बघायला झाडावर चढलेला. येशू त्याच्या घरी जातो तेव्हा तो नुसतं माझं चुकलं म्हणत नाही, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो म्हणतो आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत. आकडा सांगतो बघा तो.

ग्याब्रिएल निष्ठुर वाटतो कारण आपल्याला दुःख बघवत नाही आणि कोणीतरी पटकन ‘जाऊ दे रे’ म्हणावं असं वाटतं. दोर कापणारा तो दुसरा फादर तेच करतो, मनाने चांगला माणूस आहे तो, आणि बाकीचे पाद्री पण त्याच्या बाजूचे. ग्याब्रिएलचं म्हणणं असं की मेंडोझाला स्वतःला जोवर पुरे झालं असं वाटत नाही तोवर मी कोण पुरे म्हणणारा. आणि शिक्षा ग्याब्रिएलने दिलेलीच नाही हे लक्षात घ्या. तो फक्त विचारतो, तुझं प्रायश्चित्त तू निवडायची हिंमत आहे का? गाठोडं निवडतो तो मेंडोझा. आणि त्यात काय भरतो? दगड नाही भरत. ज्या सामानाने तो माणसं धरायचा तेच भरतो.

पण खरी गोष्ट कड्याच्या वर आहे. वर पोचतो तेव्हा चिखलाने माखलेला, गुडघ्यावर, आणि ग्वारानी त्याला ओळखतात. एक जण सुरा घेऊन येतो, त्याच्या गळ्याला लावतो. दोन-चार क्षण काहीही होऊ शकतं. मग तो सुरा दोरावर चालतो, गाठोडं खाली नदीत, आणि मेंडोझा रडायला लागतो, रडता रडता हसायला लागतो, बाकीचे पण हसतात. मला या अख्ख्या सिनेमात सांगण्यासारखं जे वाटतं ते एवढंच आहे: पहिल्यांदा दोर पाद्र्याने कापला ते चाललं नाही, ग्याब्रिएलने कापला नाही, मेंडोझा स्वतः कापू शकत नव्हता. ज्याचं नुकसान झालं त्याने कापला तेव्हाच ते तुटलं. देवाकडची माफी देवाकडे, पण माणसाचं देणं माणसाकडेच फिटतं. ज्यू लोकांमध्ये योम किप्पूर नावाचा प्रायश्चित्ताचा मोठा दिवस असतो, त्यांच्याकडचा जुना नियम पण हाच, देवाशी केलेली आगळीक त्या दिवशी माफ होते पण माणसाशी केलेली नाही, आधी त्या माणसाची समजूत काढून या मग देवाकडे.

आता यात एक खोट आहे आणि ती मला प्रत्येक वेळी खटकते. मेंडोझा कोसळतो तो कशाने? भावाला मारलं म्हणून. ग्वारानींना विकताना त्याला कधी झोप लागली नाही असं काही दिसत नाही. मग माफ करणारे ग्वारानी, आणि ज्याच्यासाठी जीव तळमळला तो भाऊ मेलेला, त्याच्यातर्फे बोलणार कोण? बोलू शकली असती ती कार्लोता, तीच बाई. तिने प्रेमाचा माणूस गमावलाय, पण सिनेमा तिला तिथेच सोडून देतो, परत तिचं नाव नाही. गळ्याला सुरा लावण्याचा हक्क तिचाही होता की. पटकथा लिहिताना ती कोणाला आठवलीच नाही असं वाटतं, आणि असं बाईमाणसाच्या बाबतीत सिनेमात फार होतं, ते एक असो.

आपल्याकडे वाल्या कोळी आहे की. तो पण लुटारू, तो पण बदलला, एकदम वाल्मीकी झाला. मग इंग्रजी सिनेमात नवीन काय आहे, उगीच कौतुक कशाला. आमच्या देवळात कीर्तनात बुवा हे दरवर्षी सांगतात. — एक वाचक, डिचोली

नवीन आहे असं मी म्हटलंच नव्हतं, पण तुम्ही काढलंत ते बरं केलंत कारण दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की मजा येते.

कीर्तनातला वाल्या आठवा. एकेका माणसाला मारला की रांजणात एक खडा, असे रांजण भरत गेलेले. नारद भेटतात आणि विचारतात, हे ज्यांच्यासाठी करतोस ते पापात वाटेकरी होणार का, घरी जाऊन विचारून ये. बायको नाही म्हणते, पोरं नाही म्हणतात. तो धक्का. म्हणजे वाल्या मोडतो तो एकटा पडल्यामुळे, आपण ज्यांच्यासाठी केलं तेच बरोबर नाहीत हे कळल्यामुळे. मेंडोझा मोडतो तो उलट बाजूने, त्याने आपल्याच माणसाला संपवलं म्हणून. पुढे वाल्या बसतो, मरा मरा म्हणत राम राम होतं, अंगावर वारूळ चढतं आणि आतून वाल्मीकी निघतो. ताकदीची गोष्ट आहे, लहानपणी ऐकली की अंगावर काटा येतो.

पण बुवांना एकदा विचारा, ते रांजणातले खडे कुठे गेले? ज्यांना मारलं त्यांची घरं, बायका, पोरं, त्यांच्याकडे वाल्मीकी कधी गेला का? गोष्टीत नाही. आपल्या गोष्टीत माणूस आतून बदलला की पुरतं, नामाने सगळं जळतं. अजामिळाचं तर अजून सोपं, मरताना मुलाला नारायण म्हणून हाक मारली आणि विष्णूचे दूत हजर. भक्तीची थोरवी सांगायला ही गोष्ट आहे, हिशोब सांगायला नाही, हे मान्य. पण म्हणून हिशोब कोणी मागूच नये असं नाही. आपल्या धर्मशास्त्रात प्रायश्चित्तांची यादी लांबलचक आहे, उपास, दान, तीर्थयात्रा, सगळं. ती करूनही ज्याची गाय चोरली त्याला गाय परत मिळाली का हा प्रश्न उरतोच ना.

मेंडोझाचा खडा मात्र त्याच्या पाठीवरच राहतो आणि ज्याच्या नावाचा आहे त्याच्या दारात तो घेऊन जातो. मला ती गोष्ट जास्त अवघड वाटते. वारुळात बसण्यापेक्षाही. तुम्हाला नाही वाटली तर भांडू या, पत्र पाठवा.

मी कुंकळ्ळीचा. सिनेमा चांगला आहे, फोटोग्राफी छान, पण जेझुइट म्हणजे गरिबांचे कैवारी, त्यांच्यासाठी जीव देणारे हे बघून मला हसावं की रडावं कळेना. आमच्या गावात काय झालं ते आम्हाला माहीत आहे. तुमच्यासारख्या गोव्यातल्या माणसाने याचं कौतुक करावं याचं वाईट वाटलं. — एक वाचक, कुंकळ्ळी

तुमचा राग बरोबर जागी आहे, थोडं सविस्तर लिहिते.

बाकीच्या वाचकांसाठी: दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत जुलै 1583 मध्ये कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना मारलं. त्याच्या आधी देवळं पाडली जात होती, 1567 मध्ये तर सासष्टीतली देवळं मोठ्या प्रमाणात पाडली, आणि गावाला सक्तीने बाटवायचं चाललं होतं, त्याला ते उत्तर होतं. नंतर पोर्तुगीजांनी गावच्या पुढाऱ्यांना बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि मारून टाकलं. त्या पाच पाद्र्यांना 1893 मध्ये पोपने धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. गावकऱ्यांचं स्मारक कुंकळ्ळीत व्हायला मात्र पुढे बराच काळ जावा लागला. देव वाचवायला लोकांनी ते दुसरीकडे हलवले, कुंकळ्ळीची देवी फातर्प्याला गेली, मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, आणि 1560 ला सुरू झालेलं इन्क्विझिशन (धर्माविरुद्ध वागल्याचा आरोप ठेवून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय) मधला थोडा खंड सोडला तर 1812 पर्यंत चाललं. हे माहीत असलेल्या माणसाला जेरेमी आयर्न्सचा तो शांत चेहरा बघून कसंतरी होणारच.

तर सिनेमा खोटं सांगतो का? अर्धं खरं सांगतो. पॅराग्वेकडे जेझुइटांनी 1609 पासून मिशनच्या वस्त्या उभ्या केल्या, पुढे तीसच्या आसपास झाल्या, आणि गुलाम पकडणाऱ्यांपासून ग्वारानींना तिथे खरोखर संरक्षण मिळालं, ग्वारानी भाषा टिकली त्यातही त्या वस्त्यांचा हात आहे. पण तिथे पण पाद्री सांगतील ते शेवटचं होतं आणि ग्वारानींचे आपले देव बाजूला ठेवूनच आत यायचं होतं. सिनेमा ते दाखवतो पण गाण्याच्या चालीवर, व्हायोलिन वाजवणारी गोड मुलं, त्यामुळे प्रश्न पडायच्या आत आपण डोळे पुसत असतो.

दुसरी गोष्ट याहून मोठी. 1750 चा माद्रिदचा करार खरा, त्यात उरुग्वे नदीच्या पूर्वेची सात मिशनं पोर्तुगालकडे जाणार होती हे पण खरं. पण हत्यार उचललं कोणी? ग्वारानींनी, स्वतः. त्यांचा पुढारी सेपे तियाराजू फेब्रुवारी 1756 मध्ये मारला गेला आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांत काइबोआतेच्या लढाईत सुमारे 1,500 ग्वारानी पडले. सिनेमात लढाई आखतो कोण, मेंडोझा. आघाडीवर कोण, गोरे पाद्री. ग्वारानी मागे. ते आपसात त्यांच्या भाषेत बोलतात त्याला बहुतेक ठिकाणी सबटायटल पण नाही, पडद्यावर त्यांची कामं कोलंबियातल्या वाउनाना आदिवासींनी केलीत. म्हणजे वर मी ज्या माणसाचं एवढं कौतुक केलं, दोर कापणारा, तो काय बोलला हे आपल्याला कळतच नाही. एवढा मोठा निर्णय ज्याने घेतला त्याला सिनेमाने आवाज ठेवला नाही. तुमचा राग तिथे न्या, तिथे तो जास्त लागू पडतो.

आणि थोडी चेष्टा इतिहासाने पण केलीय. सिनेमात कार्डिनल अल्तामिरानो मिशनं सोडून द्यायचा हुकूम देतो तो कशासाठी, युरोपात जेझुइटांचा संघ वाचावा म्हणून. वाचला का? 1759 मध्ये पोर्तुगालने जेझुइटांना आपल्या सगळ्या मुलखातून हाकललं, गोव्यातून सुद्धा, ज्या बॉम जेझू चर्चला आपण पाहुणे आले की घेऊन जातो तिथून सुद्धा. 1773 मध्ये पोपनेच संघ बरखास्त केला, परत उभा राहिला तो 1814 मध्ये. म्हणजे हात कापून दिला आणि अंगही गेलं.

संस्थेला प्रायश्चित्त असतं का हा तुमच्या पत्रात लपलेला प्रश्न आहे असं मी समजते. 12 मार्च 2000 ला पोप जॉन पॉल दुसरे यांनी चर्चच्या माणसांनी केलेल्या पापांबद्दल जाहीर क्षमा मागितली. जुलै 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी बोलिव्हियात, म्हणजे या सिनेमाच्या गावापासून फार लांब नाही तिथे, मूळ रहिवाशांवर झालेल्या गुन्ह्यांबद्दल क्षमा मागितली, आणि ते स्वतः अर्जेंटिनाचे आणि जेझुइट, योगायोग म्हणा. शब्द झाले. ओझं ओढत कड्यावर चढलेलं अजून मला दिसलेलं नाही, आणि जे मेले ते दोर कापायला येऊ शकत नाहीत हे कार्लोताच्या मुद्द्यासारखंच आहे. पण एक सांगते, शेजारच्या कॅथलिक घरावर यातलं काही टाकू नका. ते घर पण त्याच गावकऱ्यांच्या वंशाचं आहे. शिगम्याला फातर्प्याहून देवीच्या छत्र्या कुंकळ्ळीला येतात तेव्हा रस्त्यावर कोण कोण उभं असतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

शेवटी तो परत तलवार घेतो. मग एवढं गाठोडं ओढून उपयोग काय झाला? माझ्या मते प्रायश्चित्त फेल. — कॉलेज स्टुडंट, वास्को

फेल-पास करायची घाई असते कॉलेजात, समजू शकते!

सिनेमा पण हाच प्रश्न टाकतो, एक ग्वारानी मुलगा नदीतून तीच तलवार वर काढून आणून देतो. मेंडोझा ग्याब्रिएलकडे आशीर्वाद मागायला जातो, तो देत नाही. तू बरोबर असशील तर देवाचा आशीर्वाद आहेच आणि चुकत असशील तर माझ्या आशीर्वादाने काय होणार, असं काहीसं म्हणतो आणि आपला क्रूस त्याच्या गळ्यात घालतो. मला हा सीन गाठोड्याच्या सीनपेक्षा आवडतो. भांडण मिटत नाही दोघांचं आणि प्रेम पण जात नाही.

आपण गीता वाचलेले (किंवा निदान ऐकलेले) लोक, आपल्याला वाटतं मेंडोझा बरोबर, अन्यायाविरुद्ध लढायलाच पाहिजे. ग्याब्रिएल पवित्र साक्रामेंत (येशूचं शरीर मानलेली भाकर) हातात घेऊन, बायका-मुलांची मिरवणूक घेऊन बंदुकांसमोर चालत जातो, आपल्याला वाटतं हा वेडेपणा. पण सिनेमा मेंडोझाला जिंकवत नाही, दोघेही मरतात, मिशन जळतं. आणि मेंडोझा मरतो कसा ते बघ. पुलाला सुरुंग लावून ठेवलेला, उडवायची वेळ आलेली, तेवढ्यात एक पोर अडकलेलं दिसतं आणि हा ते वाचवायला जातो. तेवढ्यात सैनिक सुरुंग निकामी करतात. जुना मेंडोझा पोराकडे बघितला असता? तो माल मोजणारा माणूस. लढाई म्हणून त्याने घोळ केला, पण तुझ्या फेलला उत्तर तिथे आहे असं मला वाटतं. तलवार तीच होती, धरणारा तो नव्हता.

मराठी माणसाने असा काही सिनेमा काढलाय का? आणि मुलांना दाखवावा का हा? — एक गृहिणी, पेडणे

काढलाय, हिंदीत काढला म्हणून मराठी नाही असं थोडंच आहे. ‘दो आंखें बारह हाथ’, 1957, व्ही. शांताराम, कथा ग. दि. माडगूळकरांची, संगीत वसंत देसाईंचं. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची उघडी वसाहत केली होती खुनाच्या कैद्यांसाठी, ना भिंत ना बेड्या, त्यावरून सुचलेला. 1958 मध्ये बर्लिनला बक्षीस मिळालं, आणि गंमत म्हणजे तिथे कॅथलिक चित्रपट संघटनेचं बक्षीस पण त्यालाच. तिथे कैदी सुधारतात ते जेलरच्या दोन डोळ्यांपायी, त्याच्या विश्वासाला जागायचं म्हणून. ज्यांचा खून झाला त्यांच्याकडे कॅमेरा फारसा वळत नाही, वाल्यासारखंच. पण तरी बघा, सहा खुनी भाजी पिकवतात आणि ती बाजारात घेऊन जातात ते बघताना अजून मजा येते.

‘द मिशन’ दोन तासांच्या वर आहे, शेवटी बरीच माणसं, पोरं सुद्धा मरतात. आठवी-नववीच्या पुढच्या मुलांना चालेल, शेजारी बसून दाखवा.

ताई, हे पत्र छापलंत तर गाव सांगू नका. आईवडील गेल्यावर धाकट्या भावाने घरची बागायत मला न विचारता विकली, कुठल्या तरी कागदावर आधीच माझी सही घेतली होती, मला वाटलं वीजबिलाचं काहीतरी आहे. तेव्हापासून बोलणं नाही. आता त्याला बायपास सांगितलीय आणि तो मला भेटायला येतो म्हणतोय, चवथीला. सगळे म्हणतात माफ कर, रक्ताचं नातं आहे. माझ्या सासूबाई म्हणतात देव बघतोय. तुमची दोन ओळी वाचून सिनेमा बघितला आणि रात्रभर झोप नाही. मी माफ केलंच पाहिजे का? — एक बहीण, उत्तर गोवा

नाही. केलंच पाहिजे असं नाही.

त्या ग्वारानीच्या हातात सुरा होता आणि तो गळ्यावर चालवायची पण मुभा होती म्हणूनच दोर कापण्याला किंमत आली. सगळ्या नातेवाइकांनी त्याला घेरून ‘कर बाबा माफ, सणाचा दिवस आहे’ म्हटलं असतं तर ते काय राहिलं असतं. तुमचे नातेवाईक त्या घाईवाल्या फादरचं काम करतायत, मनाने चांगलेच असतील, पण दोर त्यांचा नाही.

तो येतोय तेव्हा काय घेऊन येतोय ते बघा. नुसता हात हलवत, आजारपण पुढे करून येत असेल, तर चहा द्या, तब्येत विचारा, ऑपरेशनला लागेल ती मदत मनात असेल तर करा, ती माणुसकी झाली, माफी वेगळी. मॅथ्यूच्या शुभवर्तमानात म्हटलंय की वेदीवर दान ठेवायला गेलास आणि आठवलं की भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जा आणि भावाशी समेट कर. नीट बघा, जायचं कोणी आहे? ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने. तुम्हाला कुठेही जायला सांगितलेलं नाही, तुम्ही घरी बसा.

आणि व्यवहाराचं पण बोलू या, कारण आपल्याकडे मन आणि जमीन वेगळी काढता येत नाही. गोव्यात मुलीचा वाटा मुलाइतकाच, हे पोर्तुगीज काळापासूनच्या दिवाणी कायद्यापासून चालत आलंय, आणि न समजता घेतलेल्या सहीबद्दल वकील काहीतरी सांगू शकतो, किती उशीर झालाय त्यावर पण अवलंबून असेल. विक्रीचा दस्त कुठल्या तारखेचा आहे, एक-चौदाच्या उताऱ्यावर (जमिनीच्या सरकारी नोंदीत) आज कोणाचं नाव आहे आणि तुमची सही नक्की कशावर आहे एवढं तरी काढून ठेवा. भांडायला म्हणून नाही. तो आला तर बोलायचं कशाबद्दल ते दोघांना स्पष्ट असावं म्हणून. ‘झालं गेलं विसर’ असं तो म्हणाला तर विचारा, नक्की काय झालं होतं ते तू सांग. त्याच्या तोंडून ते वाक्य पूर्ण येतं का बघा, सहीसकट, बागायतीसकट, किमतीसकट. आलं तर पुढचं पुढे, तुमचा वाटा कसा देणार हे त्याने काढू दे, तुम्ही सुचवू नका.

नाही आलं तरी गणपतीवर माटोळी बांधलेली असेल, पातोळ्या झालेल्या असतील, जेवून जाऊ दे. चवथीला आलेल्याला उपाशी पाठवायचं नाही एवढंच आपलं.